शेतातली चारी नीट कशी करायची: पाणी जाऊ द्या, माती ठेवा

आधीच सांगतो, चारी म्हणजे पाटाच्या पाण्याची चारी नाही, निचऱ्याची चारी. काही गावात चर म्हणतात, काही ठिकाणी नाली, आमच्याकडे निफाड तालुक्यात चारीच म्हणतात म्हणून मी तेच लिहिणार.

आमचं वावर काळंभोर, खाली ओढा, तो ओढा पुढे कादवेला मिळतो. द्राक्षबागेच्या खालच्या लवणात, म्हणजे सखल भागात, दर पावसाळ्यात पाणी तुंबायचं आणि परतीचा पाऊस तर बरोब्बर छाटणीच्या तोंडावर, त्यात पांढरी मुळी काळी पडून झाडं पिवळी. वैतागून एका उन्हाळ्यात जेसीबी बोलावला, ड्रायव्हरला सांगितलं सरळ काढ आणि खोल काढ. त्याने काढली, उताराच्या दिशेने नाकासमोर, ४ फूट खोल, भिंतीसारखे उभे काठ. त्या वर्षी मी गावभर सांगत फिरलो की बाग कशी कोरडी झाली बघा. तिसऱ्या पावसाळ्यापर्यंत ३ फूट रुंदीची चारी ९ फूट रुंद झाली होती, काठ रोज कोसळत होते, खालच्या टोकाची बाभूळ मुळासकट ओढ्यात गेली आणि खालच्या शेजाऱ्याच्या विहिरीत लाल-काळं पाणी उतरायला लागलं. पाणी तुंबण्याचा प्रश्न सुटला होता, पण माझं रानच त्या पाण्याबरोबर चाललं होतं. हे सगळं दुरुस्त करायला चार वर्षं लागली, त्यात जे शिकलो ते क्रमाने लिहितो.

पाणलोटवाले सांगतात ना, धावणाऱ्या पाण्याला चालायला लावा, चालणाऱ्याला थांबायला लावा, थांबलेल्याला जिरायला लावा. सिन्नर-येवल्याकडच्या हलक्या मुरमाड रानाला ते तंतोतंत लागू आहे. पण काळ्या चिबड, म्हणजे पाणी धरून दलदल होणाऱ्या, रानात पाणी थांबवलं की पीक मेलं, तिथे पाणी बाहेर काढावंच लागतं. म्हणून आपल्याला फक्त पहिलं वाक्य घ्यायचं, चालायला लावायचं, आणि जाताना माती त्याच्या हातात द्यायची नाही.

आधी पावसात उभं राहा

हे काम उन्हाळ्यात कागदावर होत नाही. जोराचा पाऊस पडत असताना छत्री घेऊन बांधावर जायचं आणि पाणी कुठून येतं, कुठे जमा होतं, कुठे गढूळ होतं ते बघायचं. मी मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवतो कारण उन्हाळ्यात जेसीबी आला की सगळं विसरलेलं असतं. तीन गोष्टी टिपा. वरच्या शेजाऱ्याचं किंवा रस्त्याच्या गटाराचं पाणी तुमच्या रानात येतं का, चारीचा काठ नेमका कुठे तुटतो, आणि चारी ओढ्याला मिळते तिथे धबधब्यासारखं पडतं का. ही शेवटची जागा बहुतेक लोक बघतच नाहीत आणि नव्वद टक्के भानगड तिथूनच सुरू होते, त्यावर पुढे येतो.

दुसरं, बाटल्या. एक लिटरच्या रिकाम्या बाटल्यांमध्ये चारीचं पाणी भरायचं, एक वरच्या टोकाचं, एक मधलं, एक ओढ्याच्या तोंडाचं, तारीख लिहायची आणि रात्रभर हलवायची नाही. सकाळी तळाशी गाळ किती बसला ते बोटाने मोजता येतं. वरच्या बाटलीत थोडा आणि खालच्या बाटलीत जास्त गाळ असेल तर माती वावरातून नाही, चारीच्या अंगातूनच जातेय, म्हणजे चारी दुरुस्त करायची. वरच्याच बाटलीत भरपूर असेल तर आधी वावराचं बघा, चारीवर खर्च करून काही होणार नाही. काळ्या मातीचे बारीक कण दोन-दोन दिवस बसत नाहीत, त्यामुळे वरचं पाणी गढूळ राहिलं तरी घाबरू नका, तळाचा थर बघा.

एकरावर फक्त १ मिलिमीटर माती गेली तरी ती साधारण दीड ब्रास होते (१ ब्रास म्हणजे १०० घनफूट). ब्रासमध्ये हिशोब केला की डोकं ठिकाणावर येतं, कारण विकत घ्यायला गेलो तर पोयट्याची (सुपीक गाळाच्या मातीची) ट्रॉली काय भावाने पडते हे आपल्याला माहितीय. आणि गंमत बघा, २०१७ पासून गाळमुक्त धरण गाळयुक्त शिवार योजनेत आपण धरणातला गाळ ट्रॉलीने वाहून रानात टाकतोय, तो गाळ म्हणजे वरच्या कुणाच्या तरी वावरातला पोयटाच की.

पाणी किती येणार याचा ढोबळ हिशोब

१ एकरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे ४ हजार लिटर पाणी. तासाला ५० मिमीचा धो धो पाऊस धरला तर २ लाख लिटर, त्यातलं निम्मं वाहिलं तर १ लाख, म्हणजे तासाभरात ५ हजार लिटरचे २० टँकर एका एकरातून. सेकंदाला साधारण २८ लिटर. इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला पाऊस ३ हजार मिमीच्या आसपास आणि पूर्वेला येवला-नांदगावला ५००-६०० मिमी, पण चारीचं माप वर्षाच्या पावसावर ठरत नाही, एका तासात किती कोसळतो त्यावर ठरतं. त्यामुळे कमी पावसाच्या तालुक्यातल्यांनी आपल्याला काय गरज असं म्हणू नये, तिकडेही ढगफुटीसारखा एखादा पाऊस येतोच आणि उघड्या रानात तोच जास्त नुकसान करतो.

आता माप. तळ १ फूट, खोली दीड फूट, दोन्ही काठ तिरके म्हणजे १ फूट खोलीला दीड फूट बाहेर, म्हणजे वर तोंड साडेपाच फूट. १०० फुटाला साडेतीन इंच उतार दिला आणि वरचा अर्धा फूट रिकामा ठेवला तर अशी चारी तीन-साडेतीन एकराचं पाणी आरामात नेते. तोंड साडेपाच फूट ऐकून जमीन वाया जाते असं वाटतं, मलाही वाटलं होतं. उभ्या काठाची ३ फुटी चारी ९ फुटाची झाली तेव्हा ते वाटणं संपलं. काळी माती उन्हात भेगाळते, पाण्यात फुगते, तिचा उभा काठ उभा राहतच नाही, कितीही ठोका. मुरमाड रानात १ फुटाला १ फूट चालून जातं.

उतार, सगळ्यात महत्त्वाचं

चारी उताराला सरळ काढायची नाही, उताराला तिरकी काढायची. १०० फुटाला ३ ते ६ इंच एवढाच ढाळ. यापेक्षा कमी झाला की गाळ साचून चारी भरते, जास्त झाला की तळ खरवडला जातो. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याची धडक चौपट होते, म्हणून थोडासा जास्तीचा उतारही महागात पडतो.

मोजायला इंजिनिअर लागत नाही. गवंडी वापरतात ती लेव्हल पाइप, ३५-४० फुटी पारदर्शक नळी घ्या, पाणी भरा, बुडबुडा राहू देऊ नका (आत बुडबुडा राहिला की सगळं माप गंडतं, माझं एकदा अख्खं वळण चुकलं होतं). एक माणूस इथे, दुसरा ३३ फुटावर, दोघांकडे मापाच्या काठ्या. दर ३३ फुटाला १ इंच उतरलं की १०० फुटाला ३ इंच झाले, २ इंच उतरलं की ६ इंच. खुंट्या ठोकत जायचं आणि वर चुन्याची फक्की मारायची. जेसीबी यायच्या आदल्या दिवशी हे उरकून ठेवा, मशीन तासावर चालतं आणि आपण नळी घेऊन पळत असलो की ड्रायव्हर पण वैतागतो आणि बिल पण वाढतं. खोदताना दर ३३ फुटाला तळाची लेव्हल परत बघा, ड्रायव्हरच्या अंदाजावर सोडू नका.

खोदलेली माती चारीच्या वरच्या अंगाला टाकू नका. पहिल्याच पावसात ती आत येते. खालच्या अंगाला टाकून दाबली की बांध पण होतो.

पावसात वेग तपासायला वाळकी काडी ३० फूट वाहू द्या. २० सेकंदाच्या आसपास लागले तर ठीक, १० सेकंदाच्या आत गेली तर उघडी माती टिकणार नाही, तिथे गवत किंवा दगड पाहिजेच.

तोंड बांधा, मग बाकीचं

चारी ओढ्यात पडते तिथे २-३ फुटाचा उभा कडा असतो, पाणी तिथून खाली आपटतं, पायथा पोखरतं, वरचा कडा कोसळतो, आणि ती घळ दर पावसाळ्यात मागे मागे सरकत तुमच्या वावरात येते. वरून कितीही छान काम करा, तोंड उघडं असेल तर सगळं खालून खाऊन टाकतं. माझी बाभूळ अशीच गेली. म्हणून काम खालून वर करायचं.

तोंडाशी एकदम पाडायचं नाही, १ फूट पडायला ४ फूट लांबी असा दगडाचा उतार करायचा. खाली ४-६ इंच मुरूम-खडीचा थर, वर नऊ इंची किंवा मोठे दगड, मोठे खाली, एकमेकात अडकवून, मधोमध बशीसारखा खोलगट म्हणजे पाणी कडेने निसटत नाही. दगडाचा पायथा ओढ्याच्या तळात १ फूट गाडा. नुसते दगड ओतले तर पहिल्या पुरात त्यांच्या खालची माती निघून दगड एकटे पडतात, खडीचा थर त्यासाठीच. आणि चारी ओढ्याला काटकोनात भिडवू नका, ओढ्याच्या प्रवाहाच्या दिशेने तिरकी वळवून सोडा, नाहीतर समोरचा काठ कापला जातो आणि समोरचा काठ बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाचा असतो.

ओढा सरकारी असतो, त्याचा प्रवाह आपल्या मनाने वळवायचा नाही. उलट खालच्या शेतकऱ्याने नैसर्गिक प्रवाह बुजवून पाणी अडवलं असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. पण खरं सांगू का, आधी चहा प्या त्याच्यासोबत. माझ्या शेजाऱ्याला तीन वर्षं माझाच गाळ मिळत होता, त्याने केस केली असती तर तोच जिंकला असता.

जुनी खोल चारी असेल तर बुजवू नका, ओटे काढा

माझ्यासारखी खोल घळ आधीच झाली असेल तर ती भरणं परवडत नाही. त्यासाठी ओट्याची चारी करायची. अमेरिकेत ओहायो, इंडियानाच्या मक्याच्या पट्ट्यात हे करतात, त्यांच्याकडच्या शेतांचं खत मिसिसिपी नदीतून मेक्सिकोच्या आखातापर्यंत जातं आणि तिथे पाण्यातला प्राणवायू संपून मासे मरतात, म्हणून त्यांनी चाऱ्या बदलायला घेतल्या. कल्पना साधी आहे. तळाशी दीड फुटाची छोटी नाली, तिच्यातून रोजचं बारीक पाणी वाहतं आणि गाळ न साचता ती आपोआप साफ राहते. त्या नालीच्या वर एक फुटावर दोन्ही बाजूंनी ३-३ फुटाचा सपाट ओटा, मग तिथून काठ तिरका वर. मोठा पाऊस आला की पाणी ओट्यावर पसरतं, पसरलं की हळू होतं, ओट्यावरच्या गवतात गाळ बसतो. ओल्या गवताळ मातीतले जिवाणू पाण्यातल्या नायट्रेटचा काही भाग हवेत सोडून देतात, तो बोनस.

जमीन किती जाते? २०० फूट लांबीत ८ फुटाच्या जागी १६ फूट रुंदी लागली तर साधारण दीड गुंठा. सगळीकडे करायची गरज नाही, जिथे सात-आठ एकराचं पाणी एकत्र येतं त्या खालच्या टप्प्यात करा. मी फक्त १८० फुटात केली. ओट्यावरचं गवत म्हशीला जातं, त्यामुळे घरात पण जमीन गेल्याची कुरकुर बंद झाली.

गवताचं भांडण

काठ धरून ठेवायला गवत लागतं यावर दुमत नाही, कोणतं यावर आमच्या घरात महिनाभर वाद चालला. हरळी काठ सगळ्यात भारी धरते पण वडील म्हणाले, आयुष्यभर हरळी उपटत आलो आणि आता तू लावतोस? त्यांचं बरोबर होतं, ती वावरात घुसली की सुटका नाही. आम्ही मधला रस्ता काढला. चारीच्या तळाला आणि ओट्यावर जी हरळी आपोआप आली ती राहू दिली, आणि वावराच्या कडेने वाळ्याची (खस गवताची) सलग ओळ लावली. वाळ्याची मुळं सरळ खाली जातात, ३ मीटरपर्यंत, आडवी पसरत नाहीत त्यामुळे पिकाशी भांडत नाहीत, आणि दाट ओळ झाली की हरळीला पण अडवते. तिरक्या काठांवर मारवेल गवत टाकलं, चारा म्हणून पण चांगलं.

वाळा लावायचा तर ठोंब फोडून दोन-तीन फुटव्यांच्या काड्या करा, पाती ८ इंचावर कापा, आणि चार-सहा इंचावर एक अशा लावा. लोक १-१ फुटावर लावतात आणि मग मधून पाणी जातं म्हणून वाळ्याला नावं ठेवतात. ओळ दाट झाली तरच ती गाळणी. पहिला चांगला पाऊस झाला की लावायचं, म्हणजे खोदकाम अक्षय तृतीयेच्या आसपास उरकून मृगाच्या आधी तोंडाचे दगड बसलेले पाहिजेत. पहिल्या पावसाळ्यात मेलेल्या जागा ऑगस्टमध्ये भरा.

चारीच्या काठावर तणनाशक मारायचं नाही. अजिबात नाही. साफ दिसावं म्हणून लोक मारतात आणि पुढच्या पावसात काठ गमावून बसतात.

ओळीतलं पाणी चारीत कुठून पडतं

बागेच्या प्रत्येक ओळीच्या टोकाला पाणी चारीत पडून आपली आपली छोटी घळ करतं. ५० ओळी असतील तर ५० घळी. यावर उपाय असा की चारीच्या वावराकडच्या अंगाला ९ इंच-१ फुटाचा छोटा वरंबा घालायचा, सगळ्या ओळींचं पाणी त्या वरंब्याच्या कडेने फिरवायचं आणि ठरलेल्या जागीच आत सोडायचं. त्या जागी ६ इंची पाइप किंवा दगडाचा छोटा उतार. मी आठ-दहा ओळींमागे एक पाइप टाकला. पाइपाच्या तोंडासमोर २ फुटाचा खड्डा केला की जड गाळ तिथेच पडतो, फावड्याने काढून परत बोदावर (झाडांच्या ओळीच्या उंच वरंब्यावर) टाकता येतो. शेततळं असेल तर त्याच्या तोंडाला हा खड्डा मोठा करा, नाहीतर शेततळं गाळाने भरत राहतं.

चारीच्या कडेला निदान ५ फूट पट्टा नांगरायचा नाही. ट्रॅक्टर वळवायला जागा पाहिजे म्हणून रोटाव्हेटर अगदी काठापर्यंत नेतो आपण, ती भुसभुशीत माती पहिल्या सरीत चारीत. कांद्याच्या रानात हे जास्त होतं कारण माती अगदी बारीक केलेली असते.

उतार जास्तच असेल तिथे

काही ठिकाणी तिरकं काढायला जागाच नसते, उतार घ्यावाच लागतो. तिथे चारीत १ फूट उंचीचे दगडी बांध टाकायचे, आणि अंतर असं की खालच्या बांधाचा माथा आणि वरच्या बांधाचा पायथा एका लेव्हलला. ५० फुटाला १ फूट उतार असेल तर ५० फुटावर बांध. बांधाचा मधला भाग कडांपेक्षा ६ इंच खाली ठेवायचा आणि दोन्ही टोकं काठात फूट-दीड फूट घुसवायची. माझा पहिला बांध मधे उंच झाला, पाणी कडेने फिरलं आणि बांध तसाच उभा, शेजारून नवीन चारी.

औषधं आणि खत

स्फुरद (फॉस्फरस) मातीच्या कणाला चिकटून जातं, त्यामुळे गाळ अडवला की ते बऱ्यापैकी अडतं. बोर्डोतलं (मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकातलं) तांबं पण मातीलाच धरून राहतं, आणि आपण द्राक्षवाले वर्षानुवर्षं बोर्डो मारतोय, तेव्हा बागेतला गाळ ओढ्यात जाणं म्हणजे तांबं जाणं. नायट्रेटचं मात्र वेगळं, ते पाण्यात विरघळून जातं, गाळणीने अडत नाही. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नको आणि आपल्या विहिरी तर चारीपासून शंभर फुटावर. त्याला इलाज एकच, पाऊस तोंडावर असताना युरिया फेकायचा नाही आणि ड्रिपमधून थोडं थोडं द्यायचं. फवारणीचा ब्लोअर धुतलेलं पाणी चारीकाठी ओतू नका, गवताळ पट्ट्यात लांब कुठेतरी जिरवा.

आमच्या कादवेचं पाणी नांदूर मध्यमेश्वरला गोदावरीत जातं, जिथे २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र जाहीर झालं, हिवाळ्यात आपणच पोरांना घेऊन तिथे पक्षी बघायला जातो. पुढे तेच पाणी जायकवाडीत. जलपर्णी वाढली म्हणून शहराला शिव्या घालतो ते बरोबरच आहे, पण तिचं थोडं खत आपल्याकडून पण जातं.

देखभाल

पोळ्याच्या सुमारास एकदा, दिवाळीनंतर एकदा अख्ख्या चारीवरून चालायचं. निसटलेला दगड त्याच दिवशी बसवला तर एक तगारी काम असतं, पुढच्या वर्षी ट्रॉली लागते. खेकड्यांनी धरण फुटतं का यावर मी काही बोलत नाही, पण खेकडे चारीचा काठ पोखरतात हे डोळ्यांनी बघितलंय, बिळात मुरूम ठोकून बंद करा.

गाळ काढायचा तर उन्हाळ्यात, आणि सगळी चारी एकदम खरवडायची नाही. ५० फूट काढा, ५० फूट सोडा, उरलेलं पुढच्या वर्षी, म्हणजे गवत कुठेतरी शिल्लक राहतं. फक्त तळ काढा, काठाला बकेट लावू नका. हे ड्रायव्हरला तीनदा सांगा, कारण त्याच्या हिशोबाने काठ गुळगुळीत झाला म्हणजे काम चांगलं झालं. वाळा वर्षातून एकदा फूटभरावर कापा, कापलेली पाती ओळीत आच्छादन म्हणून टाका.

बाटल्या दर वर्षी पहिल्या मोठ्या पावसात भरायच्या. माझ्या कांद्याच्या चाळीत चार वर्षांच्या ओळीने लावल्यात, ओढ्याच्या तोंडाची पहिल्या वर्षीची बाटली तीन बोटं गाळाची आणि मागच्या पावसाळ्यातली अर्ध्या बोटाची. मधल्या टप्प्यातली अजून एक बोट दाखवते, म्हणजे वळणाच्या आसपास कुठेतरी काठ सुटतोय, बहुतेक तिथेच जिथे माझ्या नळीत बुडबुडा राहिला होता. या उन्हाळ्यात ते वळण परत मोजणार आहे.